जुना लष्करी स्पिरिट स्टोव्ह: कसा चालतो, कसा ओळखायचा आणि कुठे सावध राहायचं?

ट्रेकिंगच्या रील्समध्ये एक छोटी पितळी वाटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात थोडं स्पिरिट ओततात, काडी लावतात आणि मिनिटाभरात कडेच्या बारीक भोकांतून निळ्या ज्योतींचं फूल उमलतं. पंप नाही, सिलिंडर नाही, आवाजही नाही. खाली कॅप्शन असतं, 'व्हिंटेज मिलिटरी स्टोव्ह'. मग शोध सुरू होतो: हा कुठे मिळेल, कितीला मिळेल, त्यात सॅनिटायझर चालेल का?

मी पिंगुळीत राहतो, सॉफ्टवेअरचं काम घरून करतो आणि जुने स्टोव्ह जमवतो. गेल्या काही वर्षांत वाचून, खोलून आणि वापरून जे कळलं, ते इथे एकत्र मांडतोय. वस्तू साधी आहे. पण ती ज्यावर चालते त्या द्रवाबद्दलची अर्धवट माहिती डोळे घालवू शकते, म्हणून इंधनाचा भाग तरी गाळू नका.

थोडक्यात सांगायचं तर

- स्पिरिट स्टोव्हमध्ये हलणारा एकही भाग नसतो. स्वतःच्याच उष्णतेने तो इंधनाची वाफ करतो आणि ती वाफ जळते.
- संग्राहकांमध्ये सर्वात जास्त फिरणारा लष्करी नमुना स्वीडनचा आहे.
- अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण २० ते २५ मिली स्पिरिट लागतं.
- ज्योत उन्हात दिसत नाही. बहुतेक अपघातांचं मूळ इथेच आहे.
- मिथेनॉल आणि सॅनिटायझर जेल या दोन्हींना नाही म्हणा.

स्पिरिट स्टोव्ह म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरातला जुना पितळी 'पंपाचा स्टोव्ह' म्हणजे स्पिरिट स्टोव्ह नव्हे. तो रॉकेलचा. त्याचं मूळ स्वीडनमध्ये, १८९२ च्या प्रायमस स्टोव्हमध्ये आहे. त्यात टाकीत हवा भरून रॉकेल वर ढकलतात आणि तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. पण बर्नर आधी तापणार कसा? त्यासाठी खालच्या वाटीत थोडं स्पिरिट जाळायचं किंवा स्पिरिटात बुडवलेला काकडा लावायचा. आजीला विचारा, काकडा शब्द ऐकल्याबरोबर तिला तो वास आठवेल.

गॅसबत्तीचंही तेच. वीज नव्हती तेव्हा आमच्याकडच्या जत्रांतले दशावतार पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगायचे. ती पेटवणाऱ्या आमच्या आज्यांचा एकच धडा असायचा: "आदी स्पिरिट जाळ, मगे पंप मार." म्हणजे कोकणातल्या घरांत स्पिरिटची ओळख जुनीच आहे, फक्त ते मदतनीसाच्या भूमिकेत होतं. स्पिरिट स्टोव्हमध्ये तोच मदतनीस मुख्य पात्र होतो.

लष्कराला तो का आवडला?

तीन कारणं आहेत. पहिलं, बिघडायला काही नाही. पंपाचं चामडं वाळलं किंवा पिन हरवली की रॉकेलचा स्टोव्ह अडतो. स्पिरिटच्या वाटीत अडण्यासारखं काहीच नाही. दुसरं, तो जवळपास आवाज न करता जळतो. रॉकेलच्या स्टोव्हची घरघर शांत रात्री दूरवर जाते. तिसरं, इंधन सांडलं तर उडून जातं. रॉकेल पिशवीत सांडलं की भात, कपडे आणि पांघरूण आठवडाभर घमघमतात.

तोटेही आहेत. उष्णता कमी, वेळ जास्त. कडाक्याच्या थंडीत स्पिरिटची वाफ सहज होत नाही, त्यामुळे पेटवायला त्रास होतो. तरी साधा कॅम्पिंग गॅस तिथे अजून लवकर हरतो, कारण ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशालाच वायुरूप व्हायचं थांबवतो. स्पिरिटची बाटली कोटाच्या आत ठेवून गरम केली की काम चालतं.

संग्राहक कोणते नमुने शोधतात?

*स्वीडिश लष्कराचा डबा.* १९४० च्या दशकातल्या मॉडेलवरून एम-४० आणि एम-४४ अशी नावं चालतात. अॅल्युमिनियमचे आणि स्टेनलेस स्टीलचे असे दोन्ही डबे मिळतात. एका संचात खोल भांडं, तव्यासारखं वापरता येणारं झाकण, वाऱ्याला अडवणारं पत्र्याचं कडं, पितळी बर्नर आणि इंधनाची बाटली असते. सगळं एकमेकांत बसतं. स्वीडिश सरकारी मालावर तीन मुकुटांची खूण असते, ती या डब्यांवरही दिसते.

*त्रांगिया.* ही स्वीडनमधलीच कंपनी, १९२५ साली सुरू झालेली. तिने १९५१ मध्ये वाऱ्यातही चालणारा कुकर आणला. लष्करी नसलेला हा नमुना आजही नवा मिळतो. बर्नरचं वजन साधारण ११० ग्रॅम. पूर्ण भरला तर सुमारे २५ मिनिटं जळतो.

*टॉमी कुकर आणि एस्बिट.* पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांकडे घट्ट केलेल्या स्पिरिटवर चालणारा टॉमी कुकर होता. पुढे १९३६ मध्ये जर्मनीत एरिख शूम यांनी हेक्झामाइनची पांढरी गोळी आणली. एस्बिट हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. रशियन भाषेत अशा गोळीला 'कोरडं स्पिरिट' म्हणतात, पण हेक्झामाइन हे अल्कोहोल नाही. जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने खपवतात, तेव्हा लक्ष ठेवा.

तो चालतो कसा?

बर्नर म्हणजे दुहेरी भिंतीची वाटी. मधल्या खळग्यात स्पिरिट ओतायचं. ते खालून दोन भिंतींमधल्या अरुंद जागेतही जातं. काडी लावली की आधी फक्त मधल्या पृष्ठभागावर आळशी ज्योत दिसते. ती ज्योत वरची कड तापवते, कड भिंतीला उष्णता देते आणि भिंतींमध्ये अडकलेलं स्पिरिट उकळू लागतं. इथेनॉल सुमारे ७८ अंशाला उकळतं, म्हणजे पाण्याच्या बरंच आधी. वाफेला बाहेर पडायला कडेवरची बारीक भोकंच सापडतात. तिथून ती जोराने निघते, हवेत मिसळते आणि पेट घेते. हेच ते फूल.

कोडच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. ज्योत वाफ तयार करते, वाफ ज्योत वाढवते. मग तो हाताबाहेर का जात नाही? कारण मधला खळगा उघडा असतो. दाब साठत नाही. म्हणूनच मधला भाग झाकून 'जास्त प्रेशर' काढायचे घरगुती प्रयोग धोक्याचे असतात. ज्या गोष्टीमुळे स्टोव्ह सुरक्षित आहे, तीच गोष्ट तुम्ही काढून टाकता.

इंधनाचा हिशोब

एक ग्रॅम इंधनातून मिळणारी उष्णता अंदाजे अशी:

- एलपीजी: ४६ किलोज्यूल
- रॉकेल: ४३ किलोज्यूल
- हेक्झामाइन: ३० किलोज्यूल
- इथेनॉल: २७ किलोज्यूल
- मिथेनॉल: २० किलोज्यूल

आता चहाचं गणित करू. अर्धा लिटर पाणी, कोकणातलं, म्हणजे २८ अंशांचं. ते १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे १५० किलोज्यूल लागतात. पण उघड्यावर निम्म्याहून जास्त उष्णता वाऱ्यावर जाते. ४० टक्के भांड्यात पोहोचली असं धरलं तर ३७५ किलोज्यूल जाळावे लागतील. म्हणजे १४ ग्रॅम इथेनॉल, साधारण १८ मिली. बाजारातल्या स्पिरिटमध्ये थोडं पाणी असतं आणि वारा कधी सांगून येत नाही, म्हणून २० ते २५ मिली धरा. दोन दिवसांच्या ट्रेकला दोघांसाठी चहा आणि मॅगी एवढंच करायचं असेल तर पाव लिटर पुरतं.

हा हिशोब का महत्त्वाचा? कारण नेमकं मोजून भरलं की जळत्या स्टोव्हमध्ये पुन्हा ओतायची वेळच येत नाही.

कोणतं इंधन वापरायचं आणि कोणतं नाही?

*इथेनॉलवर आधारित डिनेचर्ड स्पिरिट.* हे स्टोव्हचं खरं इंधन. डिनेचर्ड म्हणजे पिण्यास अयोग्य केलेलं. त्यात कडू किंवा विषारी पदार्थ मुद्दाम मिसळतात, म्हणून ते पिण्याजोगं करायच्या सगळ्या 'युक्त्या' जीवघेण्या आहेत. भांड्याला काजळी येत असेल तर स्पिरिटमध्ये दहा टक्क्यांपर्यंत पाणी मिसळा, ज्योत स्वच्छ होते.

*मिथेनॉल.* दिसायला अगदी तसंच, वासही जवळचा. उष्णता कमी देतं आणि विषारी आहे. पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाव घालतं. थोडं प्रमाणही आंधळं करू शकतं. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव त्वचेतूनही शरीरात जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. लेबल नसलेलं, खुलं मिळणारं 'थिनर' किंवा 'स्पिरिट' घेऊ नका, कारण आत काय आहे हे वासावरून कळत नाही.

*सॅनिटायझर.* जेलमध्ये ते घट्ट करणारा पदार्थ असतो आणि पातळ सॅनिटायझरमध्येही बहुधा ग्लिसरीन असतं. अल्कोहोल जळून जातं आणि हा चिकट ऐवज बर्नरच्या भोकांत बसतो. शिवाय पेटतं जेल हाताला चिकटून राहतं.

*सर्जिकल स्पिरिट.* काहींमध्ये एरंडेल किंवा वासाचे पदार्थ असतात. लेबल वाचल्याशिवाय नको.

*आयसोप्रोपिल अल्कोहोल.* मोबाईल रिपेअरवाल्याकडे असतं ते. जळतं, पण भांडं काळंकुट्ट करतं.

*फेणी.* हा प्रश्न आमच्या भागात हमखास येतो! फेणीत चाळीस-पंचेचाळीस टक्के अल्कोहोल असतं, बाकी जवळपास पाणीच. आपल्या उकाड्यात ती भुरुभुरु पेटते, पण बर्नर फुलत नाही.

*पेट्रोल किंवा रॉकेल.* कधीही नाही. या वाटीत पेट्रोल म्हणजे उघडा बाँब.

कायदा आणि प्रवास

महाराष्ट्रात डिनेचर्ड स्पिरिटचा व्यवहार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली येतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यावर नियंत्रण ठेवतो. म्हणून परवानाधारक दुकानातून, बिलासह, गरजेपुरतंच घ्या. साठा करायचा विचार असेल तर आधी विभागाच्या कार्यालयात विचारा.

रेल्वेत ज्वलनशील द्रव नेणं गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा बघून हसू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. कुडाळ स्टेशनवरून गाडीत बसताना बाटली घरीच राहू दे. इंधन मुक्कामाच्या गावी घ्या.

विमानात स्पिरिट केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. बर्नर नेायचा असेल तर तो धुऊन, पूर्ण वाळवून, वास जाईपर्यंत उघडा ठेवा आणि विमान कंपनीला आधी विचारा. कुरिअरनेही फक्त रिकामा स्टोव्ह मागवा.

विकत घेताना काय तपासायचं?

मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, या दोन ठिकाणी फिरायला मजा येते. तिथे लष्करी स्पिरिट स्टोव्हपेक्षा रॉकेलचे पितळी स्टोव्हच जास्त दिसतात. ऑनलाइन घेताना:

1. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो परदेशी दुकानांत सापडला तर विक्रेत्याकडे वस्तू नसण्याची शक्यता मोठी. आजची तारीख लिहिलेल्या कागदासोबतचा फोटो मागा.
2. बर्नरला चुंबक लावा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर लोखंडावर सोनेरी मुलामा आहे.
3. कॅमेऱ्याच्या मॅक्रो मोडने कडेची भोकं बघा. ती एकसारखी आणि मोकळी हवीत.
4. सांधे बघा. डाख दिलेला जोड वितळल्यासारखा दिसत असेल तर बर्नर कधीतरी कोरडा तापवलेला आहे.
5. पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी डाग दिसला तर गळती आहे. असा बर्नर शोकेसमध्ये ठेवा, पेटवू नका.
6. झाकणातला रबरी वायसर जुना असेल तर बदला. चपटं रबर प्लंबिंगच्या दुकानात मिळतं, पण तो स्पिरिटात फुगत नाही ना, हे आधी दोन दिवस बुडवून बघा.

लष्करी खूण असली म्हणजे वस्तू युद्धातली असेलच असं नाही. लष्करं तेच डिझाइन वर्षानुवर्षं बनवतात. 'दुसऱ्या महायुद्धातला' म्हणून कोणी दुप्पट किंमत सांगत असेल, तर त्यावरचं साल दाखवायला सांगा.

कोकणच्या हवेत निगा

आपल्याकडची खारी, दमट हवा पितळेला हिरवी करते. ती हिरवट पूड विषारी असते, म्हणून अशा बर्नरजवळचा हात धुतल्याशिवाय खाण्याला लावू नका. साफ करायला महाग पॉलिश नको. चिंच किंवा सोलं भिजवून त्याच पाण्याने घासा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. एक मात्र लक्षात घ्या: जुन्या वस्तूवरचा तपकिरी थर म्हणजे तिचं वय. हिरवं काढा, तपकिरी राहू द्या. आरशासारखा चकचकीत केलेला तुकडा संग्राहकाला कमी आवडतो.

स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बाटली अर्धवट उघडी राहिली तर महिन्याभराने ज्योत मलूल होते. घट्ट झाकणाची, मूळ लेबल असलेली बाटली वापरा. पाण्याच्या बाटलीत स्पिरिट कधीच भरू नका. घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट दोनदा वाचा.

अॅल्युमिनियमच्या जुन्या डब्यात सोलकढी, ताक किंवा आमटी ठेवू नका. आंबट पदार्थ धातू खातो. पाणी उकळा, भात करा, तेवढं पुरे.

पेटवायची पद्धत

1. जागा उघडी आणि सपाट हवी. बंद खोलीत किंवा तंबूत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
2. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत सड्यावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं. कातळाचा मोकळा तुकडा शोधा आणि भोवतालचं गवत हाताने काढा. आमच्याकडे एका ठिणगीचा वणवा काजू-आंब्याच्या बागा घेऊन जातो, आणि बाग परत उभी राहायला वर्षं लागतात.
3. बर्नर दोन-तृतीयांश भरा. बाटली बंद करून चार पावलं लांब ठेवा. हाताला स्पिरिट लागलं असेल तर धुऊन पुसा.
4. लांब काडीने पेटवा. तोंड वर आणू नका.
5. फूल उमलल्यावर भांडं ठेवा. त्याआधी ठेवलं तर ज्योत गुदमरते.
6. विझवताना फुंकर मारू नका. विझवायची टोपी वरून टाका. रबराचं झाकण बर्नर गार झाल्यावरच लावा, नाहीतर रबर वितळतं.
7. संपला असं वाटलं तरी दहा मिनिटं थांबा. मगच पुन्हा भरा.

सातवा नियम सर्वात महत्त्वाचा. उन्हात ज्योत दिसत नाही, माणसाला वाटतं विझला, तो बाटली तिरपी करतो. धारेवरून आग बाटलीत शिरते आणि आतली वाफ पेटून समोरच्यावर आगीचा फवारा येतो. भाजतो तो बहुतेक वेळा ओतणारा नसतो, समोर बसलेला मित्र असतो.

काही झालंच तर?

- सांडलेलं स्पिरिट पेटलं: ओलं जाड फडकं, वाळू किंवा उलटं भांडं टाका. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्यानेही आग विझते. थोडं पाणी मात्र आग पसरवतं.
- कपडे पेटले: पळू नका. जमिनीवर लोळा किंवा सुती चादर गुंडाळा.
- भाजलं: वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. १०८ ला फोन करा.
- पोटात गेलं: बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना. मिथेनॉलची लक्षणं अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात आणि तोवर डोळ्यांचं नुकसान झालेलं असतं. बाटली सोबत न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोजच्या स्वयंपाकाला चालेल का?* चालेल, पण परवडणार नाही. एलपीजी स्वस्त, जलद आणि घरात जास्त सुरक्षित आहे.

*जुना घ्यावा की नवा?* फक्त वापरायचा असेल तर नवा. जुन्यात तुम्ही इतिहासाचे पैसे देता.

*नाही पेटवला तरी जमवण्यात अर्थ आहे का?* नक्कीच. माझ्या फळीवरचे निम्मे तुकडे मी कधीच पेटवणार नाही. एकाचा जोड उसवलाय, एकाची भोकं झिजलीत. पण पत्र्याचं कडं, भांडं आणि बर्नर एकमेकांत कसे बसतात हे हातात घेतल्यावर जसं समजतं, तसं स्क्रीनवर समजत नाही. आणि घरात आजोबांची गॅसबत्ती किंवा आजीचा पंपाचा स्टोव्ह भंगारात जायच्या रांगेत असेल, तर संग्रहाची सुरुवात स्वीडनहून करायची गरजच नाही. आधी तो माळ्यावरून खाली काढा.